सोलापूर १९३० : करापासून लष्करी कायद्यापर्यंत

१९३० साली ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातील एका शहरावर लष्करी कायदा लादला. ते शहर सोलापूर. सरकारच्या लेखी तिथला उद्रेक ही दंगल होती आणि बंदोबस्तासाठी कायदा आवश्यक होता. पण सोलापुरातील असंतोष एका दिवसात पेटलेला नव्हता. कर, दुष्काळ, गिरण्यांतील मजुरी आणि कारभारात नसलेला आवाज या कारणांनी तो अनेक वर्षे साचत आला होता.

इंग्रजांनी सोलापूरचा किल्ला पेशव्यांकडून मे १८१८ मध्ये घेतला. पुढे बार्शी, करमाळा, माढा, माळशिरस, पंढरपूर, सांगोला आणि सोलापूर या तालुक्यांचा मिळून जिल्हा झाला. हा बहुतांशी अवर्षणप्रवण मुलूख होता. सांगोल्यासारख्या कोरड्या तालुक्यात पाऊस हुकला की पीक बुडे. सरकारी सारा मात्र रोखीत आणि मुदतीत भरावा लागे. साऱ्यासाठी सावकाराचे कर्ज घ्यावे आणि कर्जापायी जमीन गमवावी, असा फेरा दख्खनभर चालू होता. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांतील शेतकरी सावकारांविरुद्ध उठले. त्यानंतर सरकारने १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. तो पुणे, सातारा आणि नगरबरोबर सोलापूर जिल्ह्यालाही लागू होता. त्याच्या आधीच १८७६-७८ च्या दुष्काळाने सोलापूर जिल्ह्याला जबर तडाखा दिला होता. त्या काळात लोकांची स्थिती सरकारपुढे मांडण्याचे काम पुण्याच्या सार्वजनिक सभेने केले. अर्ज केले जात, अहवाल लिहिले जात. सारा ठरवताना मात्र रयतेला विचारले जात नसे.

नेमकी हीच तक्रार अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतींनी अठराव्या शतकातच केली होती. फ्रान्सशी झालेल्या सात वर्षांच्या युद्धाचा खर्च भरून काढण्यासाठी ब्रिटिश पार्लमेंटने १७६५ मध्ये वसाहतींवर मुद्रांक कर बसवला. पार्लमेंटमध्ये आमचे प्रतिनिधी नाहीत, तेव्हा आमच्यावर कर बसवण्याचा तिला अधिकार नाही, असे वसाहतींचे म्हणणे होते. कर पुढच्याच वर्षी मागे घेतला गेला, पण कर बसवण्याचा हक्क पार्लमेंटने सोडला नाही. १७६८ मध्ये बोस्टनमध्ये फौज आली आणि ५ मार्च १७७० रोजी सैनिकांच्या गोळीबारात पाच जण मेले. १६ डिसेंबर १७७३ रोजी चहाच्या ३४२ पेट्या बोस्टनच्या बंदरात फेकल्या गेल्या. तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता, म्हणजे पुढे पेशवाई बुडवणाऱ्या कंपनीचाच. शिक्षा म्हणून बंदर बंद झाले, मॅसॅच्युसेट्सचे स्वायत्त अधिकार काढून घेतले गेले आणि सेनापती गेज यांना तेथे गव्हर्नर नेमण्यात आले. वर्षभरात, एप्रिल १७७५ मध्ये, लढाईला तोंड फुटले.

इकडे सोलापुरात शहरी जीवनाची घडी गिरण्यांनी बदलली. १८७७ मध्ये पहिली कापडगिरणी उभी राहिली. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या आल्या आणि आसपासच्या दुष्काळी गावांतील माणसे पोटासाठी शहरात आली. त्यांच्या संपांमुळे आणि सभांमुळे राजकीय चळवळीला तयार श्रोता मिळाला. लाहोरच्या काँग्रेस अधिवेशनात पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला आणि २६ जानेवारी १९३० रोजी देशभर स्वातंत्र्याची प्रतिज्ञा घेण्यात आली. ६ एप्रिलला गांधीजींनी दांडीला मिठाचा कायदा मोडला. त्याच दिवशी सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा फडकला.

सोलापूरला समुद्र नाही, त्यामुळे इथल्या सत्याग्रहाने दारूबंदीची वाट धरली. आबकारी हे प्रांतिक सरकारच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते. ज्यांच्या रसापासून दारू बनते ती शिंदीची झाडे तोडणे म्हणजे व्यसनाला विरोध आणि सरकारी तिजोरीलाही धक्का. गांधीजींना ५ मे रोजी अटक झाल्यावर शहरात हरताळ पडला. ८ मे रोजी झाडे तोडणाऱ्यांना पकडण्यावरून जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. गोळीबार झाला. शंकर शिवदारे हा तरुण सोलापूरच्या या लढ्यातील पहिला हुतात्मा मानला जातो. गोळीबाराने जमाव पांगण्याऐवजी चिडला. मंगळवार पेठेतील पोलीस चौकीवर हल्ला होऊन दोन पोलीस मारले गेले, न्यायालयालाही आग लावण्यात आली.

यानंतर पोलिसांनी शहरातून काढता पाय घेतला. ९ ते ११ मे या तीन दिवसांत रामकृष्ण जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी शहराची सुव्यवस्था सांभाळली. सरकारच्या दृष्टीने दंगलीपेक्षा ही गोष्ट अधिक धोक्याची होती, कारण सरकारशिवाय शहर चालू शकते हे तिने दाखवले. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला आणि व्हाइसरॉय आयर्विन यांनी त्याला वटहुकुमाचा आधार दिला. गांधी टोपी आणि तिरंगा यांच्यावर रोख धरला गेला, कार्यकर्त्यांची धरपकड झाली, लष्करी न्यायालयांनी कडक शिक्षा सुनावल्या. ३० जूनला हा कायदा उठला.

पोलिसांच्या हत्येच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालयानेही ती कायम केली. १२ जानेवारी १९३१ रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात चौघांना फाशी देण्यात आली. वेगवेगळ्या जाती-धर्मांची ही चार माणसे एकत्र हुतात्मा झाली, आणि ही चळवळ एका समाजाची नव्हती याचा तो पुरावा ठरला.

बोस्टन आणि सोलापूर यांच्यात फरकही आहेत. अमेरिकेतील वसाहतवाले बहुतांशी ब्रिटिश वंशाचे होते, त्यांच्या हाती स्वतःच्या विधानसभा आणि शस्त्रे होती. सोलापूरच्या गिरणी कामगाराकडे आणि शेतकऱ्याकडे यांतले काहीच नव्हते. सरकारची चूक मात्र दोन्हीकडे सारखीच होती. कराच्या आणि हक्काच्या प्रश्नाला प्रथम दुर्लक्षाने, मग बंदुकीने आणि शेवटी लष्करी अंमलाने उत्तर दिले गेले, आणि प्रत्येक उत्तराने राज्यकर्त्यांचा नैतिक अधिकार कमी होत गेला. बोस्टनच्या गोळीबारानंतर सहा वर्षांनी अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर केले. सोलापूरला लष्करी कायद्यानंतर सतरा वर्षे, १५ ऑगस्ट १९४७ पर्यंत, वाट पाहावी लागली.