चांदमारीचा कागद

बल्लारपूरचा कागद कारखाना चालवणाऱ्या कंपनीची नोंदणी १९४५ साली झाली, ती 'बल्लारपूर पेपर अँड स्ट्रॉ बोर्ड मिल्स' या नावाने. कागद आणि पुठ्ठा, दोन्ही नावातच. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला बांबू पुढे कित्येक दशकं इथे लगदा होऊन वह्या-पुस्तकांत गेला. त्याच मुलखात कागद-पुठ्ठ्याचं आणखी एक गिऱ्हाईक होतं, ज्याला त्यावर काही लिहायचंच नव्हतं: चांदमारी, म्हणजे गोळीबाराच्या सरावाचं मैदान.

१९८२ साली गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला. १९९० मध्ये तिथे 'सी-६०' हे पोलिसांचं कमांडो पथक उभं राहिलं. पोलिसी सरावातलं 'फिगर टार्गेट' म्हणजे माणसाची आकृती छापलेला कागद, चौकटीवरच्या फळ्यावर किंवा पुठ्ठ्यावर डकवलेला. तिथे मिलिमीटर मोजत कोणी बसत नाही. गोळी आकृतीत नेमकी कुठे लागली, एवढं दिसलं की झालं. म्हणून इथला पुठ्ठा स्वस्त, जाड आणि पुन्हा पुन्हा वापरता येणारा हवा. एक फैर झाली की भोकांवर खळीने कागदाचे तुकडे चिकटवायचे, की पुढचा जवान उभा. पावसाळ्यात मात्र खोक्याचा नालीदार पुठ्ठा ओल धरतो, त्याचे थर सुटतात आणि भोकांच्या कडांना धड आकार राहत नाही.

नेमबाजीच्या खेळात हिशेब उलटा.

१० मीटर एअर पिस्तुलाच्या १७ सेंटिमीटर चौरस कार्डावर दहा गुणांचं वर्तुळ अवघं ११.५ मिलिमीटरचं असतं. ४.५ मिलिमीटरचा छर्रा रेघेला नुसता टेकला तरी वरचा गुण मिळतो, त्यामुळे भोकाची कड स्वच्छ हवी. पातळ कागद फाटतो, चकचकीत कागद उजेडात डोळ्यांवर येतो. म्हणून जाड, बिनचमकीचं, फिकट रंगाचं कार्ड घ्यायचं. चपट्या तोंडाचा छर्रा त्यात पंचिंग मशीनसारखं गोल भोक पाडतो.

महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात तर एकाच स्पर्धेत दोन लक्ष्यं. पहिल्या ३० गोळ्या प्रिसिजनच्या, तिथे दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं. पुढच्या ३० रॅपिडच्या, तिथे ते १०० मिलिमीटरचं, कारण दर गोळीला हात खालून वर आणून तीन सेकंदांत झाडायची असते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ साली याच प्रकारात आशियाई क्रीडा स्पर्धेतलं सुवर्ण जिंकलं. नेमबाजीत ते मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. सरावासाठी दोन्ही कार्डं वेगवेगळी घ्यावी लागतात, एकावर भागत नाही.

मोठ्या स्पर्धांतून आता कागदी कार्ड गेलं आणि गुण मोजणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रं आली. तरी आवाजावरून नेम टिपणाऱ्या काही यंत्रांत गोळीगणिक पुढे सरकणारी कागदी पट्टी आहेच.

इकडे बांबूचाही कारभार पालटला. २०११ साली गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेच्या हाती बांबू वाहतुकीचे परवाने आले. २०२० मध्ये कारखान्याची तीच कंपनी, आता 'बल्लारपूर इंडस्ट्रीज' नावाची, दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

सराव मात्र बऱ्याच ठिकाणी कागदावरच चालतो. नवख्यासाठी अनेक प्रशिक्षक कार्ड उलटं लावतात. समोर काळं वर्तुळ नाही, गुणांची रेघ नाही. भोकं एकमेकांच्या किती जवळ पडली, म्हणजे 'ग्रुपिंग' कसं आहे, एवढंच पाहायचं. त्यासाठी वापरलेल्या कार्डाची कोरी बाजूही चालते, फक्त जुनी भोकं आधी बुजवून घ्यावी लागतात.