गोळी पाव तोळ्याची, काळवीट चाळीस किलोचा

सराफाचा काटा आणि बंदुकीचं काडतूस यांचं एक जुनं नातं आहे. ब्रिटिशांनी १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनवर पक्का केला आणि गोळीचं वजन आजही बहुतेक ग्रेनमध्येच सांगतात. पॉइंट २२ रायफलीची नेहमीची गोळी ४० ग्रेनची. म्हणजे साधारण २१ गुंजा, पाव तोळाही भरत नाही. समोर पूर्ण वाढलेला काळवीट उभा केला तर तो पस्तीस-चाळीस किलोचा. ‘हरणाला काय, लहान रायफल बी बस झाली’ असं चहाच्या टपरीवर छातीठोक सांगणारे परभणी जिल्ह्यात जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत भेटतात. ही माहिती खास त्यांच्यासाठी.

तोंड सारखं, पोट वेगळं

पॉइंट २२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ सालचं, अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीचं. पॉइंट २२३ रेमिंग्टन हे त्याच्याहून पुष्कळ तरुण. दोन्हींच्या गोळ्या साडेपाच मिलिमीटरच्या आसपास जाड, त्यामुळे नवख्याला दोन्ही सारख्याच वाटतात. जोर मात्र बघा. एक पौंड वजन एक फूट उचलायला लागते ती ऊर्जा म्हणजे एक फूट-पौंड. या मापात पहिल्या गोळीत नळीच्या तोंडाशी सुमारे १४० फूट-पौंड असतात, दुसरीत साडेबाराशेच्या घरात. कारण सोपं आहे: वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. तेव्हा ‘कितीची गोळी’ या प्रश्नाचं उत्तर नुसत्या जाडीवरून देणाऱ्याला बंदुकीतलं फारसं कळत नाही असं खुशाल समजावं.

हरणाच्या बाजूने कायदा

जिथे शिकारीला परवानगी आहे, तिथल्या सरकारांनी हा वाद टपरीवर सोडलेला नाही. इंग्लंड-वेल्समध्ये १९९१ च्या हरीण कायद्यानुसार रायफलीच्या नळीचा व्यास किमान ०.२४० इंच आणि ऊर्जा किमान १,७०० फूट-पौंड लागते. म्हणजे आपल्या पॉइंट २२ लाँग रायफलच्या बारा पट! २००७ मध्ये त्यांनी मुंटजॅकसारख्या छोट्या हरणांसाठी सवलत दिली. मुंटजॅक म्हणजे आपल्या भेकराचा भाऊबंद, गावठी कुत्र्याएवढा जीव. त्याच्यासाठीही किमान ०.२२० इंच, ५० ग्रेनची गोळी आणि १,००० फूट-पौंड. लाँग रायफल इथेही सात पट कमी पडते.

एवढी कडक मापं कशासाठी? गोळी लागणं आणि जनावर लगेच मरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत म्हणून. छातीत शिरल्यावर गोळी फुलली, काळीज-फुप्फुसं फाटली, तर जनावर काही क्षणांत कोसळतं. हलकी, संथ गोळी बारीक भोक पाडून आत कुठेतरी अडकते. हरीण उठतं, पळतं, आणि कुठल्यातरी तुरीच्या ओळीत तासन्‌तास तडफडतं. शिकाऱ्याला ते सापडत नाही. दुसऱ्या दिवशी कुत्र्यांना सापडतं.

डमडमची गंमत

फुलणारी गोळी प्रसिद्ध झाली ती कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यातून, १८९० च्या दशकात. ती इतकी क्रूर ठरली की १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात तिच्यावर बंदी आली. ब्रिटनमध्ये हरणासाठी मात्र हीच फुलणारी गोळी कायद्याने सक्तीची आहे. सैनिकावर झाडली तर गुन्हा, हरणावर नाही झाडली तर गुन्हा! यात विसंगती वाटते, पण जखमी सैनिकाला उचलून नेणारे असतात, दवाखाना असतो. जखमी हरणाला कोण आहे?

परभणीचं माप: शून्य

आता आपल्या शिवारात या. इथे कुठली गोळी योग्य याचं उत्तर एका शब्दाचं आहे: कुठलीच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, म्हणजे परभणीच्या कृषी विद्यापीठाच्याच वयाचा. सुरुवातीला त्यात परवान्याने शिकारीची सोय होती आणि रात्रीची, गाडीतून केलेली शिकार तेव्हाही बाद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ते परवानेच गेले. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. मारला तर किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार दंड. वर मारलेलं जनावर आणि त्याचं मांस ही राज्य सरकारची मालमत्ता, त्यामुळे ‘जत्रेला आलेल्या पाव्हण्यांसाठी’ ही सबब चालत नाही.

जाता जाता: शास्त्राप्रमाणे काळवीट हरीणच नाही, तो कुरंग. हरणाची शिंगं दरवर्षी गळतात, याची पिळदार शिंगं जन्मभराची. वर सांगितलेला इंग्रजांचा हरीण कायदा त्याला लागूही झाला नसता.

शेतकऱ्याची बाजू खरी आहे, ती टाळून चालणार नाही. सोयाबीन दोन पानांवर आलं की कळप रांगेने शेंडे खुडत जातो, हरभऱ्याचंही तेच. दुबार पेरणीचा खर्च वन्यजीव सप्ताहाच्या भाषणातून भरून निघत नाही. कायद्याला हे दिसत नाही असंही नाही. दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्यांसाठी ‘उभं पीक’ हे कारण कलम ११ मध्ये स्पष्ट लिहिलंय. रोही आणि रानडुक्कर त्यात मोडतात; २०१५ मध्ये राज्याने त्यांच्यासाठी परवानगीची वाट मोकळी केली, तीही वनखात्याच्या लेखी पासावर. काळविटासाठी मात्र माणसाच्या जिवाला धोका किंवा बरा न होणारा आजार-अपंगत्व, एवढीच कारणं, आणि परवानगी फक्त मुख्य वन्यजीव रक्षकाची. पीक त्यात नाही. म्हणून भरपाईचा अर्ज, बांधाला जुन्या साड्या, रात्रीची राखण आणि सौर झटका मशीन.

दीड मैलाची जोखीम

लहान गोळी म्हणजे निरुपद्रवी गोळी नव्हे. पॉइंट २२ च्या खोक्यावर इशारा असतो: दीड मैलापर्यंत धोका. हे झाले जवळजवळ अडीच किलोमीटर. गोदाकाठच्या सपाट काळ्या रानात डोंगर नाही, टेकडी नाही. चुकलेली गोळी शेजारच्या गावच्या खुरपणाऱ्या बायांपर्यंत पोचू शकते.

मग पॉइंट २२ कशासाठी?

याचं उत्तर १९५९ च्या शस्त्र कायद्यातच आहे, आणि मला ते फार आवडतं. कलम १३ मध्ये पीक राखायला ठासणीची बंदूक सांगितली आहे. पॉइंट २२ रायफलीचं नाव येतं ते मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याने निशाणेबाजीचा सराव करायला. म्हणजे या रायफलीची जागा शिवारात नाही, रेंजवर आहे, हे कायद्याने १९५९ मध्येच सांगून टाकलं. त्या जागेवर ती काय करते ते कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये दाखवलं. हेच लाँग रायफल काडतूस, ५० मीटर अंतर, गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून असे तीन प्रकार, आणि दहा गुणांचं वर्तुळ अवघ्या १०.४ मिलिमीटरचं. ४५१.४ गुण मिळवून तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस असलेल्या स्वप्नीलने कांस्यपदक आणलं.