विश्लेषण : शिडाच्या बोटीने मुंबई बंदरात जायचे तर? वारा जुळतो, भरती जुळते. पण उतरायचे कुठे?

कोऱ्हाळे बुद्रुक : लष्कर, नौदल आणि हवाई दलाच्या दहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन 'त्रिवेणी' ही शिडाची नौका ११ सप्टेंबर २०२५ रोजी मुंबईतून जगप्रदक्षिणेला निघाली. त्या नौकेचा फोटो मोबाइलवर पाहून गावाकडे आप्पांनी (चुलत्यांनी) विचारले, "समोरून वारा आला तर ही जाते कशी? आणि परत आली की मुंबईत बांधतात कुठे? तू इंजिनिअर ना, सांग की!" पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात आहे. दुसऱ्याचे शोधायला बंदरावर जावे लागले. नीरा डाव्या कालव्याच्या काठचे आपले गाव समुद्रापासून लांब आहे. नीरेचे पाणी भीमेत, भीमेचे कृष्णेत आणि तिथून थेट बंगालच्या उपसागरात जाते; मुंबईच्या समुद्राशी त्याचा संबंध नाही. तरीही हा प्रश्न आपला आहे, कारण हे बंदर साऱ्या महाराष्ट्राचे आहे.

मुंबई बंदर आणि शिडाचे नाते काय?

मुंबईचे बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये खोल, आडोशाचे पाणी आहे. त्याचे तोंड नैर्ऋत्येच्या बाजूला उघडते. वाऱ्यावर चालणाऱ्या जहाजांना अशीच जागा लागते. १६६८ मध्ये मुंबई ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आली आणि या पाण्याभोवती शहर वाढत गेले. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून जहाजबांधणीसाठी मुंबईत आले. वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मुंबई गोदीत सागवानाची जहाजे बांधली गेली. त्यातले १८१७ चे 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे.

बंदराच्या तोंडावरचे खांदेरी बेट शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये तटबंदी करून ताब्यात ठेवले, तेव्हाचा सामना तर वाऱ्याच्या ज्ञानावरच फिरला. इंग्रजांची मोठी जहाजे वारा पडला की जागच्या जागी थांबत. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या हाताखालची हलकी गलबते वल्ही मारून, उथळ पाण्यातून, रात्रीच्या अंधारात बेटावर रसद पोचवत. इंग्रजांना अखेर माघार घ्यावी लागली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे.

१८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाला आणि वाफेच्या जहाजांचे राज्य आले. १८७३ मध्ये बॉम्बे पोर्ट ट्रस्ट, १८७५ मध्ये ससून डॉक, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक असे बंदर वाढत गेले. शिडे मात्र हळूहळू कडेला सरकली.

समोरच्या वाऱ्यात शिडाची बोट पुढे कशी जाते?

थेट समोर ती जात नाहीच. वाऱ्याच्या दिशेपासून साधारण ४५ अंश बाजूला वळून ती तिरकी जाते, मग नाळ फिरवून दुसऱ्या बाजूला तितकीच तिरकी. दिवे घाट आठवा. एसटी डोंगरावर सरळ चढत नाही, वळणे घेत चढते. अंतर वाढते, पण माथा गाठता येतो. तसेच हे.

तिरके जातानाही बोट पुढे का सरकते? ताणलेले शीड विमानाच्या पंखासारखे काम करते. त्याच्या दोन बाजूंनी वारा वेगवेगळ्या वेगाने वाहतो आणि शीड एका बाजूला खेचले जाते. ही ओढ काही पुढे, पण बरीचशी बाजूला असते. बोटीच्या तळाला पाण्यात उभी, जड फळी असते. ती बोटीला बाजूला घसरू देत नाही. ओला चिंचोका दोन बोटांत दाबला की तो पुढे सटकतो. शिडाचा वारा आणि तळाचे पाणी यांच्यामध्ये बोट तशीच सटकते.

म्हणूनच सर्वांत सोयीचा वारा पाठीमागचा नसतो. कुशीवरून येणारा, आडवा वारा बहुतेक बोटींना जास्त वेग देतो. पावसाळा सोडला तर मुंबईत दुपारी समुद्राकडून, वायव्येच्या अंगाने खारा वारा सुटतो आणि बाहेरून ईशान्येकडे बंदरात शिरणाऱ्या बोटीला तो नेमका डाव्या कुशीवर मिळतो. मांडव्याहून गेटवेला येणाऱ्याला मात्र तोच वारा जवळपास तोंडावर येतो आणि वळणे घ्यावी लागतात. पहाटे जमिनीकडून मतलई वारा वाहतो. जुने तांडेल त्यावर बाहेर पडत आणि खाऱ्या वाऱ्यावर परतत.

भरतीचा हिशेब का लागतो?

कालव्याला आवर्तन सुटलेले असताना पाण्याच्या विरुद्ध पोहून पाहिलेल्याला हे वेगळे सांगायला नको. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीतला फरक चार मीटरच्या वर जातो. एवढे पाणी सहा तासांत आत येते आणि पुढच्या सहा तासांत बाहेर जाते. त्याचा वेग काही ठिकाणी दोन-तीन नॉट होतो. (एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर.)

मांडवा ते गेटवे हे साधारण आठ सागरी मैलांचे अंतर घ्या. बोटीचा वेग पाच नॉट आणि वारा सोयीचा आहे असे धरू. पाणी स्थिर असेल तर सुमारे १ तास ३६ मिनिटे लागतील. दोन नॉटची भरती पाठीशी असेल तर १ तास ९ मिनिटे. तेवढीच ओहोटी अंगावर असेल तर २ तास ४० मिनिटे. बोट तीच आणि वाराही तोच, तरी वेळ दुपटीहून जास्त.

आज भरतीचे तक्ते मोबाइलवर मिळतात. कोकणातला ठोकताळा मात्र कॅलेंडरवर चालतो: तिथीची पाऊणपट करा, येईल ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा; प्रत्यक्षात मुंबईत बाराच्या आसपास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण दिवसाचा बेत ठरवायला तेवढे पुरते.

बंदरात वाट कोणी कोणाला द्यायची?

समुद्रातील वाहतुकीचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात की, इंजिनवर चालणाऱ्या जहाजाने शिडाच्या बोटीला वाट द्यावी. पण याच नियमांत मोठी मेख आहे. अरुंद जलमार्गातून जाण्यावाचून ज्या जहाजाला गत्यंतर नाही, त्याच्या वाटेत शिडाच्या बोटीने अडथळा आणायचा नाही. मुंबई आणि जेएनपीएकडे जाणारी अजस्र कंटेनर जहाजे अशाच आखलेल्या खोल मार्गाने जातात. ती चटकन थांबत नाहीत की वळत नाहीत. त्यामुळे लहान बोटीने मार्गाच्या कडेने चालावे, ओलांडायचा असेल तर काटकोनात आणि लवकर ओलांडावा. रेडिओवर जहाज वाहतूक नियंत्रण कक्षाचे बोलणे ऐकत राहावे. संकटाच्या हाकेसाठी चॅनेल १६ जगभर राखीव आहे.

याला जोडून सुरक्षेचा मुद्दा येतो. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर याच किनाऱ्यावर बोटीतून उतरले होते. त्यानंतर नोंदणी, ओळखपत्रे आणि गस्त कडक झाली. गेटवेच्या शेजारीच नौदलाची गोदी असल्याने तिथल्या पाण्यात मनमानी फिरता येत नाही. परदेशातून आलेली नौका बंदरात शिरताना पिवळा झेंडा लावते. आरोग्य, सीमाशुल्क आणि इमिग्रेशनची तपासणी होईपर्यंत त्यावरील कोणीही किनाऱ्यावर पाय ठेवत नाही.

मग बोट बांधायची कुठे?

आप्पांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथे येते. नौदलाच्या आणि लष्कराच्या नौकांना त्यांची जागा आहे. १८४६ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल बॉम्बे यॉट क्लबसारख्या संस्थांच्या सभासदांना गेटवेसमोर बोटी नांगरून ठेवता येतात. पण कोणीही यावे, पैसे भरून बोट बांधावी, पाणी भरून घ्यावे आणि चालत शहरात जावे असा सार्वजनिक मरिना मुंबईला मिळालेला नाही. प्रिन्सेस डॉकसह अनेक ठिकाणांच्या योजना वर्षानुवर्षे चर्चेत आहेत.

हा केवळ श्रीमंतांच्या हौसेचा प्रश्न आहे, असे वाटणे साहजिक आहे. गेल्या फेब्रुवारीत गेटवेसमोरून भाड्याच्या शिडाच्या बोटीने तासभर फिरलो, तेव्हा ते मत बदलले. सकाळचे दहा वाजले होते. मतलई वारा संपला होता आणि खारा सुटायचा होता. शीड लोंबत राहिले आणि ओहोटी आम्हाला हळूहळू गेटवेपासून दूर नेऊ लागली. खलाशाने शांतपणे नांगर टाकला. वारा आला तेव्हा नांगर उचलून परत आलो. वाऱ्याने अडवले, वाऱ्यानेच आणून सोडले. खरी कसरत पुढे होती. ओहोटीने उघड्या पडलेल्या, शेवाळलेल्या पायऱ्यांवर, हलत्या होडीतून उडी मारून उतरायचे! माझ्यापुढे एक आजीबाई होत्या. दोघांनी हात धरून त्यांना वर घेतले.

याच पायऱ्या आणि असेच धक्के रोज हजारो प्रवासी वापरतात. चार मीटर चढ-उतार असलेल्या पाण्यात तरंगता धक्का हा साधा उपाय आहे. पाणी वाढले की धक्काही वर येतो आणि बोट व धक्का नेहमी एका पातळीत राहतात. गेटवेजवळ रेडिओ क्लबशेजारी नव्या प्रवासी जेटीचा वाद २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने अटींसह कामाला मुभा दिली. रहिवाशांचे आक्षेप गर्दी आणि वारसा जपण्याचे होते. पण किनाऱ्यावर सुरक्षितपणे उतरता येणे ही चैन नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेली 'नीलकमल' ही प्रवासी बोट आणि नौदलाची स्पीडबोट यांची बंदरातच धडक झाली आणि तेराहून अधिक जणांचा बळी गेला. त्यानंतर लाइफ जॅकेट सक्तीचे करण्यात आले.

मराठी माणसाने हे केले आहे का?

नौदल अधिकारी दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये मुंबईलाच परतले. शिडाच्या बोटीने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांची ५६ फुटी 'म्हादेई' गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात बांधली गेली. वाटेत फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाऊन या चार बंदरांत ते थांबले. त्याच 'म्हादेई'वरून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता प्रदक्षिणा केली; सुरुवात आणि शेवट मुंबईतच.

सामान्य वाचकाने काय करावे?

- ऑक्टोबर ते मे हाच हंगाम. पावसाळ्यात हा विचार नको.
- भाड्याची बोट घेताना परवाना, प्रवाशांची मर्यादा आणि प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट आहे ना, ते विचारा. पोहता येत असले तरी जॅकेट घाला.
- दुपारची, खारा वारा सुटल्यानंतरची वेळ घ्या.
- उतरताना पाणी भरलेले असेल अशी वेळ पाहा. तिथीची पाऊणपट विसरू नका.

आप्पांना हे सगळे फोनवर सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे वारा फुकट, पाणी फुकट, अडलंय ते पायरीपाशी." मुंबई बंदराचे याहून नेमके विश्लेषण करणे अवघड आहे.