घरखरेदी आणि वकिलाची निवड : हक्क-अहवालाच्या भाषेवरून काही विचार

१

घर विकत घेणे हा मध्यमवर्गीय मनुष्याच्या आयुष्यातील बहुधा सर्वांत मोठा व्यवहार होय. या व्यवहारात विटा, चुना आणि छप्पर यांबरोबर एक अदृश्य वस्तू हातबदल होत असते; ती म्हणजे हक्क. भिंतीला तडा गेला असेल तर तो घेणाऱ्याच्या दृष्टीस पडतो. हक्काला गेलेला तडा मात्र चाळीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या फेरफारात किंवा अर्धवट राहिलेल्या वाटणीपत्रात दडलेला असतो, आणि तो केवळ वाचनानेच सापडतो. म्हणून घर घेणारा वकिलाकडे जातो तो प्रामुख्याने कागद वाचून घेण्यासाठी. हा वाचक कसा निवडावा, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घेतला आहे. लेखक भाषाविज्ञानाचा अध्यापक आहे. कायद्याचा पंडित नव्हे. तथापि या प्रश्नाचा एक महत्त्वाचा भाग भाषेचा आहे, असे स्वतःच्या घराच्या खरेदीच्या वेळी अनुभवास आल्यावरून हे विवेचन करण्याचे धाडस केले आहे.

प्रथम एक समजूत दूर केली पाहिजे. खरेदीखत नोंदले गेले म्हणजे मालकी सिद्ध झाली, असे अनेक सुशिक्षितांनाही वाटते. इंग्लंडमध्ये तशी स्थिती बव्हंशी आहे. तेथे मालकीच्या नोंदवहीत ज्याचे नाव, त्याच्या हक्काची हमी राज्य देते आणि नोंदीत चूक निघाल्यास भरपाईची सोय आहे. आपल्याकडे १९०८ च्या नोंदणी अधिनियमान्वये नोंद होते ती दस्ताची. दुय्यम निबंधक मुद्रांक, ओळख आणि निष्पादन पाहतो. विकणारा खरोखर मालक आहे की नाही, याचा निवाडा तो करीत नाही. सातबाराचा उताराही मूलतः महसुलासाठी ठेवलेले अभिलेखन होय. त्यावरील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते, पण तिच्यामुळे मालकी निर्माण होत नाही. शिवाय १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे, जो दोष सामान्य काळजी घेतली असता खरेदीदाराला सापडला असता, तो आपण होऊन सांगण्याचे बंधन विक्रेत्यावर नाही. आणि नोंदलेल्या दस्ताची माहिती खरेदीदाराला होती असे कायदा कलम ३ अन्वये गृहीत धरतो. सारांश, न वाचण्याचा तोटा न वाचणाऱ्यालाच सोसावा लागतो.

२

वकिलाची निवड करताना पहिला प्रश्न असा की, हा वकील कोणाचा? ‘वकील’ हा शब्द अरबीतून आलेला असून ज्याच्यावर काम सोपविले तो, असा त्याचा मूळ अर्थ आहे. काम कोणी सोपविले, हे त्यामुळे त्या शब्दाच्या अर्थातच अंतर्भूत आहे.

नव्या इमारतीत सदनिका घेणाऱ्याच्या हाती बांधकाम व्यावसायिकाकडून एक हक्क-प्रमाणपत्र दिले जाते. १९६३ च्या महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांविषयीच्या अधिनियमाने प्रवर्तकावर आपला हक्क उघड करण्याचे बंधन घातले आणि तो सॉलिसिटरने अथवा किमान तीन वर्षांच्या अनुभवाच्या ॲडव्होकेटने प्रमाणित केलेला असावा, असे सांगितले. ही तरतूद उपकारक खरी. परंतु ते प्रमाणपत्र देणारा वकील प्रवर्तकाचा असतो. बँकेने नेमलेल्या वकिलाचीही गोष्ट तशीच. बँकेचे कर्ज सुरक्षित राहील की नाही, या प्रश्नाचे उत्तर तो शोधतो, आणि त्याचा अहवाल बँकेला सादर होतो. दोघेही प्रामाणिक असू शकतात. तरीही खरेदीदाराचा प्रश्न त्यांना कोणी विचारलेलाच नसतो. स्वतःच्या पैशाने नेमलेला, ज्याचे शुल्क व्यवहार पूर्ण झाला काय किंवा मोडला काय, सारखेच राहील असा वकील हवा, तो याचसाठी.

मुंबईत या कामासाठी ‘सॉलिसिटर’ गाठण्याची प्रथा जुनी आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेतील सॉलिसिटर व ॲडव्होकेट ही द्विस्तरीय व्यवस्था १९७६ च्या कायदादुरुस्तीने संपली. तथापि सॉलिसिटरची परीक्षा आणि अभिधान आजही चालू आहे. अन्यत्र हे काम मिळकतीच्या व्यवहारांत मुरलेले ॲडव्होकेट करतात. अभिधान कोणतेही असो, वकिलीची सनद असल्याची खात्री महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडे करून घेता येते.

३

दुसरा प्रश्न : हा वकील काय वाचतो? साधारणतः तीस वर्षांचा शोध घेण्याचा प्रघात आहे, आणि त्याला कारण आहे. १९६३ च्या मुदत अधिनियमान्वये गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याची मुदत तीस वर्षांची आहे. तत्पूर्वीच्या १९०८ च्या कायद्यात ती साठ वर्षांची होती. परंतु तीस वर्षे हा आकडा पुरेसा आहे असे नाही. हक्काचे मूळ ज्या दस्तात असेल, तेथपर्यंत जावे लागते. जमीन कुळकायद्याने मिळालेली आहे काय, भोगवटादार वर्ग २ ची आहे काय, वतनाची किंवा आदिवासी खातेदाराची होती काय, या प्रश्नांची उत्तरे जुन्या फेरफारांतच मिळतात. आणि अशा जमिनींच्या हस्तांतरणाला अनेकदा पूर्वपरवानगी लागत असल्याने त्या उत्तरांवर सर्व व्यवहार अवलंबून असतो.

येथे लिपीचा आणि भाषेचा प्रश्न उद्भवतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील महाराष्ट्रातील कित्येक दस्त मोडीत आहेत. गोव्यात जुने दस्त पोर्तुगीज भाषेत आहेत, आणि तेथील दिवाणी संहितेप्रमाणे स्थावर विकताना पतिपत्नी दोघांचीही संमती लागते. जो वकील मोडी दस्ताचे जाणकाराकडून लिप्यंतर करून घेण्याऐवजी ‘जुना कागद आहे, त्याचे आता काही महत्त्व नाही’ असे म्हणतो, तो आपल्या कामाचा एक भाग वगळतो आहे.

त्याचप्रमाणे सूची क्रमांक २ चा शोध घेतला म्हणजे सर्व बोजे समजले, असेही नाही. हक्काचे मूळ कागद धनकोकडे ठेवून केलेले गहाण पूर्वी नोंदवावे लागत नसे. त्याची सूचना निबंधकाकडे दाखल करण्याचे बंधन महाराष्ट्रात २०१३ पासून आले. म्हणून मूळ कागद स्वतः पाहण्याचा आग्रह धरणारा वकील उगाच काटेकोरपणा करीत नसतो. मूळ खरेदीखत विक्रेत्याच्या हाती नाही, या एकाच गोष्टीतून गहाणाचा पत्ता लागू शकतो. जुन्या सहकारी गृहसंस्थेतील सदनिका असेल तर इमारतीखालच्या जमिनीचे अभिहस्तांतरण संस्थेच्या नावे झाले आहे काय, हेही त्याने पाहिले पाहिजे. प्रवर्तकाने ते केले नसेल, तर २००८ पासून संस्थेला मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग उपलब्ध आहे.

४

तिसरा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे : हा वकील कसे लिहितो? हक्क-अहवालातील क्रियापदांकडे लक्ष दिल्यास तीन प्रकार स्पष्टपणे वेगळे करता येतात. ‘दिनांक अमुकचे मूळ खरेदीखत मी पाहिले’ हे प्रत्यक्ष ज्ञानाचे विधान होय. ‘फेरफारावरून असे दिसते’ हे अनुमान होय. ‘विक्रेत्याने सांगितल्यावरून’ किंवा ‘असे कळते’ हे श्रुत ज्ञान होय. मराठीत हा भेद व्यक्त करण्याची साधने भरपूर आहेत, आणि चांगला वकील त्यांचा जपून उपयोग करतो. वाईट अहवालात मात्र परिच्छेदापरिच्छेदाला ‘दिसते’ आणि ‘कळते’ येत राहतात, आणि शेवटी एकाएकी ‘सबब सदर मिळकत निर्वेध व निजोखमी आहे’ असा निष्कर्ष उमटतो. आधारविधाने अनुमानाची आणि निष्कर्ष प्रत्यक्षाचा, असा हा तर्कदोष आहे.

लेखकाच्या वाट्याला असाच एक अहवाल आला होता. बांधकाम व्यावसायिकाने सुचविलेल्या वकिलाने दोन पानांत जमीन निर्वेध ठरविली होती. त्यात एक वाक्य होते : ‘खातेदाराच्या मृत्यूनंतर दोन मुलांची नावे दाखल झाली असून बहिणीने हक्क सोडल्याचे दिसते.’ ‘दिसते’ या शब्दापाशी अडखळल्यामुळे दुसऱ्या, स्वतंत्र वकिलाकडे कागद नेले. त्यांनी मूळ फेरफार काढला. बहिणीने तलाठ्यासमोर जबाब दिल्याचा उल्लेख त्यात होता. नोंदणीकृत हक्कसोडपत्र कोठेही नव्हते. शंभर रुपये वा त्याहून अधिक मूल्याच्या स्थावरातील हक्क सोडण्याचा दस्त कलम १७ अन्वये नोंदवावा लागतो. नुसत्या जबाबाने तो हक्क सुटत नाही. वडिलांच्या मागे मुलीलाही वारसा आहे, हे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमापासून निश्चित आहे. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत तिला मुलाप्रमाणे जन्मतः हक्क महाराष्ट्रात १९९४ च्या आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. त्या वृद्ध बाई हयात होत्या. त्यांना मोबदला देऊन रीतसर हक्कसोडपत्र नोंदले जाईपर्यंत चार महिने व्यवहार थांबला. त्या चार महिन्यांचे घरभाडे लेखकाला भरावे लागले. परंतु त्या बाईंच्या न दिलेल्या हिश्श्यावर आपले घर उभे राहिले नाही, याचे समाधान त्या भाड्यापेक्षा मोठे वाटते.

जाहीर नोटिशीच्या भाषेविषयीही असेच म्हणता येईल. वृत्तपत्रातील नोटिशीत मुदतीत हरकत न आल्यास ‘हक्क सोडून दिला आहे असे समजण्यात येईल’ असे छापलेले असते. समजणारा कोण, याचा उल्लेख या कर्मणी रचनेत नाही. आणि कोणी तसे समजल्याने दुसऱ्याचा हक्क नाहीसाही होत नाही. खरेदीदाराने योग्य काळजी घेतली, एवढ्याच गोष्टीचा ती नोटीस पुरावा ठरते. हे मर्यादित मोल जो वकील स्वतः समजावून सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवावयास हरकत नाही.

५

वरील विवेचनावरून व्यवहारात उपयोगी पडतील अशा काही गोष्टी निष्पन्न होतात. वकील विसार देण्यापूर्वी नेमावा. पैसे गुंतल्यावर आलेला प्रतिकूल अहवाल ऐकण्याची मनाची तयारी उरत नाही. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १३ प्रमाणे, नोंदणीकृत करारनाम्यापूर्वी प्रवर्तकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हेही ध्यानात असावे. पहिल्या भेटीत पुढील प्रश्न विचारावेत : या विक्रेत्याचे किंवा प्रवर्तकाचे काम आपण करता काय? शोध आपण स्वतः घेणार की कारकून, आणि अहवालावर सही कोणाची? मूळ कागद पाहणार काय? या तालुक्यातील जमिनींचे काम आपण पूर्वी केले आहे काय? जागेवर प्रत्यक्ष ताबा कोणाचा आहे, याची चौकशी कोण करणार? शुल्क किती आणि त्यात काय काय अंतर्भूत आहे? या प्रश्नांनी चांगला वकील रागावत नाही. शक्य असल्यास त्याने पूर्वी लिहिलेल्या एखाद्या अहवालाचा, नावे वगळलेला नमुना पाहावा आणि त्यातील क्रियापदे तपासावीत.

कलम १८ अन्वये जमिनीच्या सदोष हक्कामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई प्रवर्तकाकडून मागता येते आणि त्या मागणीला मुदतीची बाधा येत नाही, हे नव्या प्रकल्पांपुरते खरे आहे. जुने घर घेणाऱ्याला या तरतुदीचा आधार नाही. पण भरपाई मिळण्याची शक्यता असली, तरी राहते घर सोडावे लागण्याचे दुःख तिने भरून निघत नाही.

मराठी खरेदीखतात पक्षकारांना ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ असे संबोधतात. वास्तविक दोघांपैकी कोणीही ते लिहीत नाही. लिहिणारा तिसराच असतो. परंतु त्या लिखाणाचे परिणाम ज्याच्या नावावर पडतात, त्याने वकिलाचा अहवाल आणि खरेदीखताचा मसुदा सहीपूर्वी एकदा अथपासून इतिपर्यंत स्वतः वाचावा, आणि जे वाक्य कळले नाही त्याचा अर्थ विचारावा. तो अर्थ न कंटाळता सांगणारा वकील मिळाला, म्हणजे निवड योग्य झाली असे समजावे.