सीईटीची तयारी, लेखांक ५ : १०८ सेकंदांचे गणित

मागच्या लेखात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचा पेपर पाहिला, आज गणित. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे असतात. ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण आणि ९० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद. उत्तर चुकले तरी गुण कापले जात नाहीत. त्यामुळे कळंब-उमरग्यातल्या बारावीच्या मुलांना एक सल्ला हमखास मिळतो : ट्रिक पाठ करा आणि एमसीक्यूंचा रतीब घाला. वेळ इतका कमी असताना तो पटतोही. तरी माझे ठाम मत आहे, की या पेपरात वेग येतो तो सूत्रामागचे कारण कळल्यामुळे, आणि ते कारण शोधायची पहिली जागा बालभारतीचे पाठ्यपुस्तक आहे.

डेफिनिट इंटिग्रेशनचेच पाहा. अंशात साइन एक्स, छेदात साइन एक्स अधिक कॉस एक्स, मर्यादा ० ते पाय/२, उत्तर पाय/४. हे अनेकांना पाठ असते. आता मर्यादा पाय/६ ते पाय/३ अशा बदलल्या, तर पाठ केलेले उत्तर निकामी होते, आणि पर्यायांत पाय/४ दिसले की विद्यार्थी तिथेच फसतो. कारण ठाऊक असलेला मात्र अडत नाही. एक्सच्या जागी ‘दोन्ही मर्यादांची बेरीज वजा एक्स’ घातले तरी इंटिग्रलची किंमत तीच राहते. इथे ती बेरीज पाय/२ असल्याने साइनचा कॉस होतो आणि कॉसचा साइन. जुने आणि नवे रूप मिळवले की आत फक्त १ उरतो. म्हणून उत्तर मर्यादांमधल्या अंतराच्या निम्मे, म्हणजे पाय/१२. साइन आणि कॉस दोन्हींवर सारखाच घात चढवला तरी उत्तर बदलत नाही. एका कारणाने अनेक ट्रिकांचे ओझे उतरते.

यावर पहिला आक्षेप असा, की काठिण्यपातळी जेईई मेनच्या तोडीची असताना पाठ्यपुस्तक कसे पुरेल? एकटे पुरत नाही, सराव हवाच. पण प्रश्न राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावरच येतात, आणि अवघड प्रश्नात बहुधा दोन प्रकरणे एकत्र गुंफलेली असतात. ती उकलायला पाया लागतो. दुसरा आक्षेप भाषेचा. गणिताचा पेपर फक्त इंग्रजीत असतो, आणि आपल्या जिल्ह्यातली कितीतरी मुले दहावीपर्यंत मराठीत शिकलेली. पण सूत्र का खरे आहे, हे मराठीत समजून घ्यायला कोणाची आडकाठी नाही. चिन्हे दोन्हीकडे तीच आहेत. पर्याय घालून पाहण्याची युक्तीही टाकाऊ नाही. शेवटच्या दहा मिनिटांत, राहिलेल्या प्रश्नांसाठी ती जरूर वापरावी. निगेटिव्ह मार्किंग नसल्याने एकही प्रश्न कोरा सोडू नये.

या आठवड्यात नवा प्रश्नसंच घेऊ नका. सूत्रांची वही काढून प्रत्येक सूत्र कोऱ्या कागदावर सिद्ध करून पाहा. जी अडतील त्यांची वेगळी यादी करून कॉलेजातल्या सरांना किंवा मॅडमना विचारा. तुमच्या तयारीतली खरी उणीव त्या यादीत सापडेल. पुढच्या लेखात अकरावीच्या अभ्यासक्रमावरचे १० प्रश्न आणि त्यांचे २० गुण.