मृत्यूलाही ऋतू असतो

लष्कर मोहल्ला ही म्हैसूरच्या जुन्या वस्त्यांपैकी एक. नावातले ‘लष्कर’ मराठी माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. 1891 च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे 74 हजार होती. पुढच्या दहा वर्षांत ती वाढायला हवी होती. पण 1901 मध्ये ती 68 हजारांच्या आसपास आली! मधल्या काळात शहरात प्लेग येऊन गेला होता.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. आगगाडीच्या वाटेने तो पसरत गेला. ऑगस्ट 1898 मध्ये बेंगळुरूला पोहोचला आणि त्यानंतर म्हैसूरलाही.

एकच रोग, दोन ऋतू

या साथीची एक गोष्ट डॉक्टरांना कोड्यात टाकत होती. मुंबईत दरवर्षी प्लेगचे सर्वाधिक बळी फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास जात आणि जूनपर्यंत साथ ओसरे. पुण्यात मात्र नंतरच्या बहुतेक साथी पावसाळ्याच्या उत्तरार्धात जोर धरत. दोन्ही शहरे इतकी जवळ, मग ऋतू वेगळे कसे?

उत्तर सापडले ते उंदराच्या अंगावरच्या पिसवेत. पिसू रोगी उंदराचे रक्त पिते, तेव्हा प्लेगचे जंतू तिच्या पोटात वाढतात आणि त्यांचा बोळा होऊन अन्नाची वाट बंद होते. भुकेलेली पिसू मग पुन्हा पुन्हा चावत सुटते आणि प्रत्येक चाव्यातून जंतू सोडते. हवा फार तापली की हा बोळा टिकत नाही. कोरड्या उन्हात तर पिसूच लवकर मरते.

मुंबईचा हिवाळा सौम्य आणि दमट, म्हणून तिथे साथ तेव्हा वाढे. पुण्याचा उन्हाळा कडक आणि कोरडा. पावसाने हवा गार व ओलसर झाली की पिसवांचे फावे. म्हैसूर-बेंगळुरूच्या पठारावरही पावसाळ्यात हवा गारच असते.

घरात उंदीर मरून पडू लागले की माणसे गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहत. कारण ठाऊक नव्हते, पण उपाय बरोबर होता. पुढे 1903 मध्ये म्हैसूरमध्ये नगर सुधारणा मंडळ स्थापन झाले. दाट वस्त्या मोकळ्या करणे, रुंद रस्ते आणि नव्या वसाहती ही त्याची कामे. आज ज्या रुंद रस्त्यांचे आपण कौतुक करतो, त्यांच्यामागे प्लेगची आठवणही आहे.

आपल्या घरातले ऋतू

प्लेग मागे पडला, पण ऋतूंचा हिशेब संपलेला नाही. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयविकार व पक्षाघाताचा धोका बळावतो. म्हणून आजी-आजोबांनी पहाटेच्या गारठ्यात फिरायला जाण्याऐवजी थोडे ऊन पडू द्यावे. रक्तदाबाची गोळी तर चुकवूच नये.

उन्हाळ्यात शरीर घामाने स्वतःला थंड करते. म्हातारपणी तहान कमी लागते, त्यामुळे पाणी मागण्याची वाट न पाहता हातात पेला द्यावा. मे 2010 मध्ये अहमदाबादेत उष्णतेच्या लाटेने नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक जादा मृत्यू झाले. त्यानंतर 2013 मध्ये त्या शहराने उष्णतेशी लढण्याचा आराखडा केला.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करा. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका.

ऋतू आपल्या हातात नाहीत. पण कोणत्या ऋतूत घरातल्या कोणाला जपायचे, हे ठरवणे नक्कीच आपल्या हातात आहे. आज घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढे तरी विचारा, ‘पाणी प्यायलात का?’