ऐकणाऱ्यांनी बोलते व्हावे

कल्याणहून सुटणाऱ्या सकाळच्या जलद लोकलमध्ये एकेकाळी तीन गोष्टी हमखास आढळत : घडी घातलेले वर्तमानपत्र, पत्त्यांचा डाव आणि टाळांच्या साथीने रंगलेले भजन. या गोष्टी अगदीच नाहीशा झालेल्या नाहीत. परंतु आज डब्यातील अनेकांच्या कानांत इअरफोन असतो आणि त्यांतील काही जण गाण्यांऐवजी पॉडकास्ट ऐकत असतात. कल्याण ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ५४ किलोमीटरांचे. जलद गाडीलाही त्यासाठी तासाहून अधिक वेळ लागतो. म्हणजे ठाण्यापलीकडे राहणाऱ्या नोकरदाराचे दिवसाचे दोन तास गाडीतच जातात. हे दोन तास कोणाच्या स्वाधीन करायचे, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

पॉडकास्ट हा शब्द २००४ साली बेन हॅमर्सली या पत्रकाराने ‘गार्डियन’मधील एका लेखात वापरला आणि पुढच्याच वर्षी एका अमेरिकन ऑक्सफर्ड शब्दकोशाने त्याला वर्षाचा शब्द ठरविले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाल्यानंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि मराठी कार्यक्रमांनाही श्रोता मिळू लागला. ‘मित्रम्हणे’, ‘थिंक बँक’, ‘अमुक तमुक’ ही नावे आता परिचित झाली आहेत. त्यांच्या मागोमाग मुलाखती, इतिहासकथन, आरोग्य, गुंतवणूक, भयकथा अशा नाना विषयांवरील लहानमोठे उपक्रम निघत आहेत. केंद्र नको, परवाना नको. एक ध्वनिग्राहक आणि बोलण्याची हौस असली की काम भागते. हे स्वागतार्हच आहे. मात्र या विपुलतेतून निवड कशी करावी, हे श्रोत्याला सांगणारे कोणी नाही.

मराठीत ग्रंथाला परीक्षक मिळाला, नाटकाला मिळाला, चित्रपटालाही मिळाला. १८६७ साली निघालेल्या ‘विविधज्ञानविस्तारा’ने पुस्तकांच्या परीक्षणाला आपल्या पानांत मानाची जागा दिली. मुंबईचे नभोवाणी केंद्र १९२७ साली सुरू झाले. तेथील कार्यक्रमांची छापील परीक्षणे मोजकीच असतील. पण रेडिओ घरात सर्वांनी मिळून ऐकण्याची वस्तू होती. ‘पुन्हा प्रपंच’ एका खोलीत लागे आणि शेजारच्या दोन खोल्यांत ऐकू जाई. साहजिकच, काय रंगले आणि काय फसले याची चर्चा जिन्यातच होऊन जाई. इअरफोनने ही सामायिक श्रवणाची सोय काढून घेतली. शेजारी खेटून उभे असलेले दोघे एकच मुलाखत ऐकत असले, तरी त्यांना एकमेकांचा पत्ता नसतो.

परीक्षकाची ही रिकामी जागा यंत्राने बळकावली आहे. मराठीतील पुष्कळसे पॉडकास्ट यूट्यूबवरून प्रसारित होतात आणि त्या संस्थेने २०१२ पासून आपल्या शिफारशींत प्रेक्षक किती वेळ खिळून राहिला याला मोठे महत्त्व दिले आहे. माणूस थांबला एवढे यंत्राला कळते. तो शहाणा होऊन उठला की भयभीत होऊन, हे कळत नाही. सनसनाटी मथळा, वादग्रस्त पाहुणा आणि वाढत जाणारी लांबण यांची पैदास अशाच हिशेबातून होते.

यावर एक साधा उपाय आहे आणि तो गाडीच्या डब्यातच सापडतो. ठराविक गाडीचा, ठराविक डब्यातला मित्र ही उपनगरी जीवनाची मोठी ठेव आहे. अशा दोन स्नेह्यांनी ठरवावे की, दर आठवड्याला एकाने एक नवा कार्यक्रम शोधायचा, दोघांनी त्याचा एकच भाग स्वतंत्रपणे ऐकायचा आणि शुक्रवारी परतताना त्यावर बोलायचे. एकाला इतिहासाची गोडी आणि दुसऱ्याला अर्थकारणाची असेल, तर उत्तमच. मित्राच्या आग्रहाखातर माणूस असे काही ऐकतो, जे यंत्राने त्याच्यापुढे कधीच ठेवले नसते. आणि ‘छान होते’ एवढ्यावर मित्र सुटका करून देत नाही.

परीक्षणाच्या कसोट्याही फार गहन नाहीत. मुलाखतकाराने पाहुण्याचे काम वाचले आहे की केवळ त्याची कीर्ती ऐकली आहे? चुकीचे विधान झाले तेव्हा त्याने अडविले, की मान डोलावली? इतिहास सांगणारा आपला आधार सांगतो काय? औषधोपचाराचा सल्ला देणाऱ्याची त्या विषयातील पात्रता काय? प्रायोजकाची जाहिरात कोठे संपते आणि मत कोठे सुरू होते? दीड तासाचा ऐवज चाळीस मिनिटांत मावला असता काय? आणि शेवटी, गाडीच्या खडखडाटात शब्द कळतात काय? पडद्यावरच्या चित्रावाचून ज्याचे बोलणे समजत नाही, तो कार्यक्रम गर्दीत उभ्या असलेल्या श्रोत्याच्या उपयोगाचा नाही.

नवख्या, हौशी मंडळींना असे तासल्यास त्यांचा हिरमोड होईल, असा आक्षेप घेतला जाईल. त्यात तथ्य नाही असे नव्हे. परंतु चार महिने खपून भाग तयार करणाऱ्याला अंगठ्याच्या खुणांपेक्षा दोन विचारपूर्वक ओळींची भूक अधिक असते. जो मेहनत करतो आणि जो केवळ बडबडतो, त्या दोघांना एकाच मापाने मोजणे, हाच हौशी माणसावरचा खरा अन्याय होय. शिवाय निर्दोष पण अज्ञात कार्यक्रमाला श्रोता मिळवून देणे हेही परीक्षणाचेच काम आहे.

अशा जोड्यांची चर्चा डब्यापुरती राहू नये. या परिसरात त्यासाठी जागांचा तोटा नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. डोंबिवलीने २०१७ साली नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरविले. ज्या गावांनी वाचक घडविण्यासाठी एवढे केले, त्यांना महिन्यातून एक संध्याकाळ श्रोत्यांसाठी राखणे जड जाऊ नये. एक भाग सर्वांनी ऐकून यावा, दोघांनी आपली परीक्षणे वाचून दाखवावीत आणि मग सभेने त्यांच्याशी भांडावे. निवडक परीक्षणे वाचनालयाच्या फलकावर लागावीत. वर्तमानपत्रांनीही चित्रपटाच्या शेजारी पॉडकास्टला आठवड्यातून अर्धा स्तंभ द्यावा. त्यासाठी अनुदान लागत नाही की समिती नेमावी लागत नाही. दोन माणसांनी एकच गोष्ट लक्षपूर्वक ऐकून एकमेकांना आपले मत प्रामाणिकपणे सांगितले, की आरंभ झाला.